ब्रह्मगिरीचे पाणी आणि पायथ्याचे पाडे

द्वारका (नाशिक) : सिंहस्थ कुंभमेळ्याचे वेळापत्रक १ जून २०२५ रोजी जाहीर झाले आणि नाशिकमधील चर्चेला नेहमीचे वळण लागले. ३१ ऑक्टोबर २०२६ रोजी ध्वजारोहण, २ ऑगस्ट व ३१ ऑगस्ट २०२७ आणि त्यानंतर सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात अमृतस्नाने, २४ जुलै २०२८ रोजी समारोप, अशा या तारखा. त्यांच्याभोवती रस्ते, पूल, घाट, साधुग्राम आणि वाहनतळ यांची आखणी सुरू झाली. मुंबई-आग्रा महामार्ग आणि पुणे रस्ता जेथे मिळतात, त्या द्वारका चौकातील कोंडी कशी फुटणार, हा शहरवासीयांच्या दृष्टीने कळीचा प्रश्न ठरला. तो रास्तही आहे. मात्र ज्या नदीसाठी हा सारा खटाटोप करावयाचा, ती जेथे उगम पावते तो ब्रह्मगिरी द्वारकेपासून तीसेक किलोमीटरवरच उभा आहे. त्या डोंगराच्या अंगाखांद्यावर आदिवासींचे लहान लहान पाडे आहेत. सिंहस्थाच्या चर्चेत डोंगराचे नाव भक्तिभावाने घेतले जाते. पाड्यांचे नाव मात्र निघते ते उन्हाळ्यात विहिरीत उतरलेल्या स्त्रियांची छायाचित्रे प्रसिद्ध झाली म्हणजेच.

ही केवळ दुर्लक्षाची तक्रार नाही. ब्रह्मगिरीचे संरक्षण आणि त्याच्या भोवतालच्या गावांचे हक्क हे दोन स्वतंत्र विषय आहेत, असे मानून आजवरचा कारभार चालला. डोंगर वनखात्याचा, देव देवस्थानाचा, पाणी पाटबंधारे खात्याचे आणि तहान तेवढी गावकऱ्यांची, अशी ही विभागणी आहे. गेल्या काही वर्षांतील घटना पाहता ती डोंगराच्याही मुळावर येत असल्याचे दिसते.

दोन समुद्रांना पाणी देणारा डोंगर

सुमारे तेराशे मीटर उंचीच्या ब्रह्मगिरीवर गोदावरीचा उगम मानला जातो. तेथून निघालेली ही नदी १,४६५ किलोमीटरचा प्रवास करून बंगालच्या उपसागरास मिळते. देशाच्या क्षेत्रफळाचा सुमारे दहावा हिस्सा तिच्या खोऱ्यात येतो. याच त्र्यंबकच्या डोंगररांगेतून वैतरणा पश्चिमेकडे निघते. ऊर्ध्व वैतरणा धरणात अडवलेले तिचे पाणी मुंबईकरांच्या नळाला येते. म्हणजे एकाच डोंगराच्या पूर्व आणि पश्चिम अंगांवरील पाऊस दोन समुद्रांकडे जातो आणि वाटेत दोन महानगरांची तहान भागवतो.

नाशिकपुरते बोलायचे तर शहराची भिस्त प्रामुख्याने गंगापूर धरण समूहावर आहे. १९६५ मध्ये पूर्ण झालेले गंगापूर, त्याला पूरक असलेली काश्यपी आणि गौतमी-गोदावरी ही धरणे याच परिसरातील पावसावर भरतात. एकट्या गंगापूरची साठवण ५,६३० दशलक्ष घनफूट आहे. शहराची वाढती गरज पाहून त्र्यंबकेश्वर तालुक्यातच किकवी नदीवर आणखी एक धरण बांधण्याचा प्रस्ताव २००९ पासून चर्चेत आहे. २०११ च्या जनगणनेत नाशिकची लोकसंख्या १४ लाख ८६ हजार होती. तेव्हापासून शहर किती फुगले, हे द्वारकेच्या सिग्नलवर उभे राहणाऱ्यास सांगण्याची गरज नाही.

या पाण्यावर भांडणारे पुष्कळ आहेत. नाशिक आणि अहिल्यानगर जिल्हे एका बाजूला व मराठवाडा दुसऱ्या बाजूला, असा संघर्ष अपुऱ्या पावसाच्या वर्षी हमखास पेटतो. त्यासाठी २००५ चा महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायदा आहे, समन्यायी वाटपाचे तत्त्व आहे, जायकवाडीच्या ६५ टक्के साठ्याचा निकष आहे आणि उच्च न्यायालयाचे निर्णयही आहेत. २०१५ च्या सिंहस्थात दुष्काळ असताना शाहीस्नानासाठी धरणातून पाणी सोडण्यावरून न्यायालयाला सरकारला जाब विचारावा लागला होता. शहरे, शेती, कारखाने, साधू-महंत असे सारे या वादात पक्षकार झाले. ज्यांच्या डोक्यावर हा पाऊस प्रथम कोसळतो, ते पाडे मात्र कोणत्याच वादात पक्षकार नाहीत.

मेट म्हणजे चौकी

मेटघर किल्ला हे ब्रह्मगिरीवरील गावाचे नाव बोलके आहे. महसुली नोंदीत ते 'मेटघेरा किल्ला' असेही आढळते. गडाच्या चढणीवरील पहाऱ्याच्या चौकीला 'मेट' म्हणत आणि गडाभोवतालच्या प्रदेशाला 'घेरा'. सुपलीची मेट, मेट चंद्राची, मेट कावरा ही या परिसरातील नावे त्याच व्यवस्थेची साक्ष देतात. ब्रह्मगिरी म्हणजेच इतिहासातील त्र्यंबकगड. १६७० मध्ये मोरोपंत पिंगळे यांनी तो स्वराज्यात आणला, १८१८ मध्ये तो इंग्रजांच्या हाती गेला. या काळात राज्ये बदलली, तरी घाटवाटा राखणारे, दाणागोटा आणि पाणी वर चढवणारे लोक याच परिसरातले होते. महादेव कोळी आणि ठाकर या जमातींची वस्ती येथे पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. १८५७ च्या डिसेंबरमध्ये भिल्ल आणि ठाकरांनी त्र्यंबकच्या सरकारी खजिन्यावर हल्ला केला, तेव्हा त्यांना आसरा मिळाला तोही याच डोंगरांत.

गड राखणाऱ्यांचे वंशज आज नागली, वरई आणि भात पिकवतात. शेती पावसावर अवलंबून असल्याने दिवाळीनंतर हाताला काम उरत नाही. मग कुटुंबेच्या कुटुंबे दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत किंवा नाशिकच्या बांधकामांवर मजुरीला जातात. श्रावणातील तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा घालण्यासाठी लाखो भाविक येतात, पौषात निवृत्तिनाथांच्या यात्रेला दिंड्या येतात. गर्दी सरली की पाडे पुन्हा एकटे पडतात.

या भागात वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तरीही फेब्रुवारी-मार्चपासून विहिरी तळ गाठतात. याचे कारण दैवात नाही, खडकात आहे. सह्याद्री हा लाव्हाच्या आडव्या थरांनी बनलेला आहे. त्यातील घट्ट थरांतून पाणी मुरत नाही. ते सच्छिद्र आणि भेगाळ थरांतून आडवे सरकते आणि उतारावर झऱ्याच्या रूपाने बाहेर पडते. वर माती आणि झाडोरा असेल, तर पावसाचे पाणी थांबून हळूहळू झिरपते आणि झरा उन्हाळ्यापर्यंत टिकतो. झाडोरा गेला, माती वाहिली किंवा झऱ्याच्या वरचा उतार यंत्राने कापला गेला, की तेच पाणी चार महिन्यांत धरणात निघून जाते. धरण भरल्याचा आनंद शहरात साजरा होतो आणि झरा आटल्याची किंमत पाड्यावर मोजली जाते.

जन्मस्थळाचा वाद आणि विहिरीची कड

२०२२ चा उन्हाळा या दृष्टीने आठवण्याजोगा आहे. हनुमानाचे जन्मस्थान त्र्यंबकेश्वरजवळील अंजनेरी की कर्नाटकातील किष्किंधा, यावर त्या वर्षी देशभर वाद रंगला. ३१ मे रोजी नाशिकमध्ये त्यावर शास्त्रार्थ सभा भरली. ती निर्णयाविना आणि गोंधळात संपली. वृत्तवाहिन्यांनी त्याला भरपूर वेळ दिला. त्याच उन्हाळ्यात मेटघर आणि रोहिले परिसरातील स्त्रिया दोराच्या वा दगडांच्या आधाराने खोल विहिरीत उतरून तळातील गढूळ पाणी भांड्यात भरत असल्याची दृश्ये प्रसिद्ध झाली होती. दोन्ही बातम्या एकाच तालुक्यातल्या होत्या. पहिलीवर धर्मसभा भरली, दुसरीवर टँकर निघाला.

त्याच तालुक्यातील शेंद्रीपाड्याची कथाही फारशी वेगळी नाही. तास नदीच्या खोल घळीवर टाकलेल्या लाकडी बल्ल्यांवरून हंडे घेऊन जाणाऱ्या स्त्रियांची छायाचित्रे गाजल्यावर जानेवारी २०२२ मध्ये तेथे लोखंडी पूल बसवण्यात आला. जुलैच्या पुरात तो वाहून गेला आणि स्त्रिया पुन्हा बल्ल्यांवर आल्या. घरोघरी नळ देणारे जलजीवन मिशन २०१९ मध्ये सुरू झाले. त्याची २०२४ ची मुदत पुढे २०२८ पर्यंत वाढवण्यात आली. नळ बसवणे तुलनेने सोपे आहे. ज्या उद्भवातून त्या नळाला पाणी यायचे तो मार्चमध्येच आटत असेल, तर तोटीचा उपयोग काय, हा प्रश्न डोंगराळ तालुक्यांत सर्वत्र पडतो आणि त्याचे उत्तर पुन्हा डोंगरापाशीच जाऊन थांबते.

यंत्रे उतारावर पोहोचली

डोंगरापुढील नवे संकट जमिनीच्या भावाने आणले. त्र्यंबक रस्त्याला पर्यटनाचे महत्त्व आले, बंगले आणि विश्रामस्थळांसाठी मागणी वाढली आणि ब्रह्मगिरीच्या पायथ्याकडील खासगी जमिनींचे मोल अचानक उंचावले. २०२०-२१ मध्ये सुपलीची मेट परिसरात अवजड यंत्रांनी उतार कापला जात असल्याचे उघडकीस आले. सुरुंगाच्या स्फोटांविषयीही तक्रारी झाल्या. गावकरी आणि नाशिकमधील पर्यावरणप्रेमींनी आवाज उठवल्यावर प्रशासनाने काम थांबवले आणि दंडात्मक कारवाई केली. तथापि कापलेला उतार पुन्हा जोडता येत नाही. त्यानंतरच्या प्रत्येक पावसाळ्यात सुपलीची मेट येथील रहिवाशांना दरडीच्या भीतीखाली रात्री काढाव्या लागतात.

ही भीती अनाठायी नाही. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण हे महादेव कोळ्यांचे गाव दरडीखाली गाडले गेले. १५१ जणांचा बळी गेला. २२ जुलै २०२१ रोजी रायगड जिल्ह्यातील तळीये गावावर तोच प्रसंग ओढवला. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या कुशीतील इर्शाळवाडी या ठाकरवाडीवर डोंगर कोसळला. २७ मृतदेह सापडले आणि ५७ जणांचा शोध थांबवावा लागला. तिन्ही ठिकाणी मोठा डोंगर, त्याच्या पायथ्याशी वा खांद्यावर लहान वस्ती आणि आषाढ-श्रावणातील मुसळधार पाऊस हे चित्र समान होते. ब्रह्मगिरीवर यात आणखी एका गोष्टीची भर पडली आहे, ती म्हणजे माणसाने कापलेला उतार.

महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ (७) नुसार विनापरवाना गौण खनिज काढल्यास बाजारमूल्याच्या पाचपटीपर्यंत दंड करता येतो. मात्र जेथे जमिनीचा भाव मुरुमाच्या भावाहून कितीतरी अधिक असतो, तेथे असा दंड खर्चाच्या बाजूला सहज मांडता येतो. शिवाय दंड ठोठावणाऱ्या अधिकाऱ्याला उतार कापला गेल्याचे कळते, ते बहुधा काम होऊन गेल्यावर. पाड्यावरील माणसाला ते पहिल्या दिवशीच कळते. ज्याला प्रथम कळते त्याच्या हाती अधिकार नाही आणि ज्याच्या हाती अधिकार आहे तो तीस किलोमीटर दूर आहे, ही या व्यवस्थेतील मूळ अडचण आहे.

रस्ता आणि रज्जुमार्ग

ब्रह्मगिरीशेजारच्या अंजनेरीची जैवसंपदा सर्वज्ञात आहे. कंदीलपुष्पाची 'सेरोपेजिया अंजनेरिका' ही प्रजाती येथूनच २००६ मध्ये विज्ञानाला ज्ञात झाली. कड्यांवर गिधाडांची घरटी आहेत. २०१७ मध्ये शासनाने अंजनेरीचे ५.६९ चौरस किलोमीटर क्षेत्र संवर्धन राखीव म्हणून घोषित केले. त्यानंतर चारच वर्षांत, २०२१ मध्ये, डोंगरावर मोटाररस्ता नेण्याचा प्रस्ताव आला आणि विरोधामुळे अडखळला. पाठोपाठ केंद्राच्या 'पर्वतमाला' योजनेतून अंजनेरी ते ब्रह्मगिरी असा सुमारे पावणेसहा किलोमीटरचा आणि पावणेचारशे कोटी रुपयांच्या घरातील खर्चाचा रज्जुमार्ग पुढे आला.

वृद्ध आणि अपंग भाविकांना डोंगरावर जाता यावे, हा युक्तिवाद सहज धुडकावण्याजोगा नाही. पर्यटन वाढले तर रोजगार वाढेल, असे काही गावकऱ्यांनाही वाटते. परंतु दोन प्रश्न उरतात. पहिला, अशा मार्गाने वर येणाऱ्या हजारोंना लागणारे पाणी त्या डोंगरावर कोठून आणायचे? दुसरा, आज चढणीवर चहा, ताक आणि मक्याची कणसे विकून चार पैसे मिळवणाऱ्या कुटुंबांच्या डोक्यावरून प्रवासी निघून गेले, तर रोजगार नेमका कोणाला मिळायचा? या प्रश्नांची चर्चा ग्रामसभेत आधी व्हावयास हवी. प्रत्यक्षात प्रस्ताव आधी येतो आणि ग्रामसभेला ते वर्तमानपत्रातून कळते.

लोकांना न विचारता केलेल्या कामाचे काय होते, याचे उदाहरण शोधायला डोंगरावर जाण्याची आवश्यकता नाही. द्वारका चौकात पादचाऱ्यांसाठी भुयारी मार्ग बांधला गेला. ज्यांनी तो वापरावा अशी अपेक्षा होती, त्यांनी वर्षानुवर्षे त्याकडे पाठ फिरवली आणि वाहनांच्या गर्दीतून जीव मुठीत धरून रस्ता ओलांडणेच पसंत केले. शहरात अशा चुकीची किंमत वाया गेलेला पैसा आणि वाढलेली कोंडी इतकीच असते. डोंगरावर तीच चूक झाली तर झरा कायमचा जातो.

तपोवनासाठी आवाज, डोंगरासाठी कुजबूज

साधुग्रामासाठी तपोवनातील शेकडो झाडे तोडण्याचा विषय २०२५ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये पेटला, तेव्हा नाशिककर मोठ्या संख्येने रस्त्यावर उतरले. कलावंत आले, विद्यार्थी आले, प्रकरण हरित न्यायाधिकरणापर्यंत गेले. हे स्वागतार्हच होते. शहर आपल्या सावलीसाठी जागे होऊ शकते, हे त्यातून दिसले. त्याच सुमारास नाशिक-त्र्यंबक रस्त्याच्या रुंदीकरणात घरे, दुकाने आणि शेतजमीन जाणाऱ्यांचेही आंदोलन सुरू होते. त्याला तपोवनाइतकी सहानुभूती लाभली नाही. रस्त्याच्याही पलीकडे, डोंगरावर राहणाऱ्यांकडे तर लक्षच गेले नाही.

शहरातील पर्यावरणप्रेमाची एक मर्यादा येथे दिसते. झाडाकडे पाहताना सावली दिसते, डोंगराकडे पाहताना निसर्गरम्य देखावा दिसतो. त्या डोंगरावर माणसे राहतात, त्यांना रस्ता हवा आहे, दवाखाना हवा आहे, मुलांना शाळा हवी आहे, हे त्या देखाव्यात बसत नाही. मग 'विकास' म्हणणारे एका बाजूला आणि 'संवर्धन' म्हणणारे दुसऱ्या बाजूला उभे राहतात. दोघेही पाड्याच्या वतीने बोलतात आणि पाड्याला बोलू देत नाहीत. पर्यावरणवाद्यांमुळे आपला रस्ता अडला, ही भावना गावात रुजली की जमिनीच्या दलालाचे काम सोपे होते. ब्रह्मगिरीचे खरे राखणदार शहराने आपल्या हाताने असे दूर लोटू नयेत.

जगातील दोन टेकड्या

डोंगराला कीर्ती मिळते आणि भोवतालची माणसे तशीच राहतात, हे चित्र नाशिकपुरते मर्यादित नाही. तुर्कस्तानच्या आग्नेय भागातील शानलुर्फा शहरापासून पंधराएक किलोमीटरवर गोबेक्ली टेपे नावाची टेकडी आहे. तिच्या आसपास कुर्द शेतकऱ्यांची छोटी गावे आहेत. टेकडीच्या माथ्यावरील एकुलत्या झाडापाशी हे लोक नवस बोलत. १९९५ पासून जर्मन पुरातत्त्वज्ञ क्लाऊस श्मिट यांनी तेथे उत्खनन केले, तेव्हा अकरा हजार वर्षांहून जुने प्रचंड शिलास्तंभ उजेडात आले. मानवी संस्कृतीच्या आरंभाविषयीच्या कल्पना त्या एका टेकडीने बदलल्या. २०१८ मध्ये ती जागतिक वारशाच्या यादीत गेली, २०१९ हे वर्ष तुर्की सरकारने तिच्या नावाने साजरे केले.

टेकडीच्या भाग्याचा हा उदय पाहिलेला कुर्द समाज मात्र स्वतःच्या डोंगरांत सुरक्षित नव्हता. 'डोंगराखेरीज आपल्याला मित्र नाही' अशी त्यांच्यात म्हण आहे. १९९० च्या दशकात सरकार आणि बंडखोर यांच्यातील संघर्षात याच आग्नेय तुर्कस्तानातील हजारो गावे आणि वाड्या रिकाम्या करण्यात आल्या. तुर्की संसदेच्या १९९८ च्या अहवालाप्रमाणेच विस्थापितांचा आकडा पावणेचार लाखांच्या घरात होता. पुढे २०१९-२० मध्ये इलिसू धरणाच्या पाण्यात तिग्रिस काठचे प्राचीन हसनकेफ गाव बुडाले. वारसा जपणारे आणि वारसा बुडवणारे सरकार एकच होते. कोणता डोंगर राखायचा आणि कोणते गाव उठवायचे, हे ठरवताना तेथील रहिवाशांचे मत निर्णायक नव्हते, हा यातील समान धागा आहे.

ब्रह्मगिरीची स्थिती तशी नाही. येथे सशस्त्र संघर्ष नाही आणि कायदा तर गावाच्या बाजूने आहे. तो वापरला तर काय घडते, हे ओडिशातील नियमगिरीने दाखवून दिले. डोंगरिया कोंध आदिवासींना देवतुल्य असलेल्या या डोंगरातील बॉक्साइटच्या खाणीविषयी सर्वोच्च न्यायालयाने १८ एप्रिल २०१३ रोजी निकाल दिला आणि ग्रामसभांचे मत घेण्याचा आदेश दिला. त्या वर्षीच्या जुलै-ऑगस्टमध्ये बारा छोट्या गावांच्या ग्रामसभा झाल्या. बाराही गावांनी खाण नाकारली. डोंगराचे देवत्व आणि डोंगराचा उपयोग या दोन्हींविषयी बोलण्याचा पहिला अधिकार तेथे राहणाऱ्यांचा, हे त्यातून प्रस्थापित झाले.

कायदा काय सांगतो

त्र्यंबकेश्वर तालुक्यातील मेटघर किल्ला, मुळेगाव, अंजनेरी, हर्षेवाडी आदी गावे घटनेच्या पाचव्या अनुसूचीखालील क्षेत्रात मोडतात. त्यामुळे १९९६ चा 'पेसा' कायदा येथे लागू आहे. या कायद्यानुसार गौण खनिजाचा परवाना देण्यापूर्वी ग्रामसभेची अथवा योग्य स्तरावरील पंचायतीची शिफारस बंधनकारक आहे आणि भूसंपादनापूर्वी तिच्याशी विचारविनिमय करावा लागतो. महाराष्ट्राने २०१४ मध्ये केलेल्या नियमांनुसार एखादा पाडादेखील स्वतंत्र गाव म्हणून घोषित होऊन आपली ग्रामसभा भरवू शकतो. २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनसंपत्तीचे संरक्षण, संवर्धन आणि व्यवस्थापन यांचा अधिकार ग्रामसभेला दिला. पाणलोट आणि जलस्रोत राखण्याचे अधिकारही त्यात आले. याच राज्यातील गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा गावाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवून देशाला वाट दाखवली.

पश्चिम घाटाच्या रक्षणासाठी माधव गाडगीळ समितीने २०११ मध्ये दिलेल्या अहवालाचा गाभाही हाच होता. कोठे काय करू द्यायचे, याचा निर्णय ग्रामसभांपासून वर जावा, असे समितीचे म्हणणे होते. पुढे कस्तुरीरंगन समिती आली, संवेदनशील क्षेत्राचे मसुदे वारंवार निघाले. ३१ जुलै २०२४ च्या मसुद्यात महाराष्ट्रातील १७,३४० चौरस किलोमीटर क्षेत्राचा समावेश आहे. या प्रवासात नकाशे राहिले, टक्केवारी राहिली, ग्रामसभा मात्र गळाली. परिणामी संवेदनशील क्षेत्र म्हणजे शहराने गावावर लादलेली बंदी, असा समज गावोगावी पसरला.

काय करता येईल

सिंहस्थासाठी स्वतंत्र प्राधिकरण स्थापन झाले आहे, निधीची कमतरता नाही आणि शासनयंत्रणा कामाला लागली आहे. बारा वर्षांतून एकदा येणारी ही संधी ब्रह्मगिरीसाठी वापरता येण्याजोगी आहे. त्यासाठी फार मोठ्या योजनांची आवश्यकता नाही.

पहिले काम झऱ्यांचे. डोंगरावरील आणि पायथ्याच्या प्रत्येक झऱ्याची नोंद करून, त्याच्या वरच्या उताराचा पाणलोट आखून, तेथे खोदकामास कायमची बंदी घालता येईल. सिक्कीमने २००८ पासून 'धारा विकास' कार्यक्रमातून डोंगरमाथ्यावर पाणी मुरवून आटलेले झरे पुन्हा वाहते केले. सह्याद्रीचा खडक वेगळा असला, तरी पाणी वर मुरवावे आणि खाली घ्यावे, हे तत्त्व तेच आहे. त्र्यंबकगडावरील कातळात खोदलेली टाकी तरी दुसरे काय सांगतात?

दुसरे काम अधिकारांचे. डोंगरावरील प्रत्येक पाड्याला, तेथील लोकांची इच्छा असल्यास, स्वतंत्र ग्रामसभेचा दर्जा मिळावा आणि सामूहिक वनहक्काचे प्रलंबित दावे निकाली निघावेत. रज्जुमार्ग, रस्ता वा विश्रामस्थळ यांच्या कोणत्याही प्रस्तावावर ग्रामसभेचा ठराव आधी आणि निविदा नंतर, हा क्रम पाळला जावा. ग्रामसभेने होकार दिला तर त्याचा आदर व्हावा, तसाच नकाराचाही व्हावा.

तिसरे काम पैशाचे. गंगापूर समूहातील पाण्यासाठी नाशिककर पाणीपट्टी भरतात. त्यातील एक छोटा, निश्चित वाटा पाणलोटातील गावांना झाडोरा राखण्याबद्दल आणि झरे जपण्याबद्दल मिळावा. मागणी उपकाराची नाही. शहराला धरणापर्यंत स्वच्छ पाणी पोहोचवणाऱ्यांचा तो मोबदला आहे. अशी व्यवस्था झाली तर डोंगर न विकता राखणे गावकऱ्याला परवडेल, आणि तसे झाल्यास खोदयंत्रांना वर जाण्याची वाट आपोआप अरुंद होईल.

चौथे काम सुरक्षिततेचे, आणि ते सर्वांत निकडीचे. सुपलीची मेटसारख्या दरडप्रवण वस्त्यांची भूवैज्ञानिक पाहणी पावसाळ्यापूर्वी व्हावी. लोकांना हलवणे अपरिहार्य ठरले, तर ते त्यांच्या संमतीने आणि त्यांच्या शेतापासून जवळ हलवावे. माळीणनंतर आणि इर्शाळवाडीनंतर पुनर्वसनाची घरे बांधली गेली. ती आधी बांधली असती तर, हा प्रश्न या राज्याने स्वतःला पुन्हा विचारण्याची वेळ येऊ नये.

२ ऑगस्ट २०२७ रोजी पहिले अमृतस्नान होईल तेव्हा श्रावण तोंडावर असेल. ब्रह्मगिरीवर पाऊस कोसळत असेल, कुशावर्तात आणि रामकुंडात पाणी दुथडी असेल. त्या दिवसांत पाण्याचा प्रश्न कोणालाही आठवणार नाही. शासनाची आणि नाशिककरांची कसोटी त्यानंतरच्या मार्चमध्ये लागेल. सिंहस्थाचे मंडप अजून उतरायचे असतील आणि मेटघरची स्त्री हंडा घेऊन विहिरीकडे निघालेली असेल. तिला विहिरीच्या कडेवर उभे राहून पाणी शेंदता आले, तरच गोदावरीच्या उगमाची सेवा झाली असे म्हणता येईल.